प्रार्थनेचा जमाखर्च

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचें नांव निघालें, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन प्रकारचें हसूं उमटतें. एक हसूं भाविकाचें. त्याच्या डोळ्यांत पाणी असतें, आणि तो लागलीच ती गोष्ट सांगूं लागतो: अनाथ मुलें रिकाम्या ताटांपुढें बसलीं आहेत, म्यूलर डोळे मिटून अन्नाबद्दल देवाचे आभार मानीत आहेत, इतक्यांत दारावर थाप पडते आणि पाववाला पाव घेऊन उभा राहतो; त्याच्या मागोमाग चाक मोडलेल्या गाडींतलें दूधहि आंत येतें. दुसरें हसूं शहाण्याचें. तें ओठाच्या एकाच कोपऱ्यांत असतें. 'हात जोडून बसल्यानें भाकरी मिळती, तर दुष्काळांत माणसें मेलींच नसतीं,' असें म्हणून हा गृहस्थ चहाचा पेला उचलतो, आणि त्याच्या मतें वाद तेथेंच संपतो. एका बाबतींत मात्र या दोघांचें पूर्ण एकमत आहे. म्यूलर यांनीं वर्षानुवर्षें छापून ठेवलेले जमाखर्च दोघांपैकीं कोणींहि उघडून पाहिलेले नसतात.

आमचें भांडण दोघांशींहि आहे. पण दुसऱ्याशीं अधिक, कारण तो आमच्याच बैठकींतला आहे, आणि बरींच वर्षें आम्हीहि त्याच्याच सुरांत हसत होतों. 'देवावर विसंबणें' या शब्दांचा आमच्या घरांतून जो अर्थ होऊन बसला आहे तो आळसाच्या अगदीं शेजारचा आहे. खाटल्यावर आणून देणाऱ्या हरीची म्हण आम्हां सर्वांना पाठ. ख्रिस्ती मिशनांतल्या ज्या मंडळींनीं केवळ प्रार्थनेच्या बळावर मोठमोठ्या संस्था चालविल्या, त्यांनाहि त्याच खाटल्यावर बसवून आम्ही मोकळे होतों. त्यांचा देव आम्हांला मान्य असो वा नसो. त्यांनीं काय केलें हें न पाहतां हसणें हा अडाणीपणा आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतींत तो आम्हांला महाग पडलेला आहे, असें आमचें म्हणणें आहे.

म्यूलर जन्मानें प्रशियन. १८०५ सालीं जन्मलेला हा मुलगा संतपदाला मुळींच शोभणारा नव्हता. वडिलांच्या ताब्यांतल्या सरकारी पैशांवर त्यानें हात मारला होता, आणि सोळाव्या वर्षीं उताराच्या जागेचें बिल बुडविल्याबद्दल तुरुंगहि पाहिला होता. (पुढें हाच मनुष्य पै-पैचा हिशेब छापूं लागला, याचें आम्हांला आश्चर्य वाटत नाहीं. पैशाशीं आपण कसे वागूं शकतों हें त्याला आंतून ठाऊक होतें.) हाले येथें विद्यार्थी असतां त्याचें मन पालटलें. त्या गांवांत फ्रांके नांवाच्या धर्मोपदेशकानें सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेलें अनाथगृह होतें, आणि तें त्याच्या मनांत घर करून राहिलें. १८२९ सालीं तो इंग्लंडांत आला. दुसऱ्याच वर्षीं टिनमथ येथील एका लहानशा मंडळीचा तो उपदेशक झाला, आणि तेथें त्यानें ठरलेला पगार घेण्याचें नाकारलें. कारण ऐकण्यासारखें आहे. पगार येई तो प्रार्थनामंदिरांतल्या बाकांच्या भाड्यांतून. ज्याचें भाडें जास्त त्याचा बाक चांगला. गरिबानें मागें बसावें. अशा पैशावर जगून श्रीमंतापुढें खरें बोलतां येणार नाहीं, असें त्याला वाटलें असल्यास त्याला वेडा कोण म्हणेल?

१८३६ सालीं ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरांत म्यूलर यांचें अनाथगृह निघालें. १८४९ सालीं ॲशली डाउन येथें पहिली स्वतःची इमारत उघडली, आणि १८७० पर्यंत तेथें पांच इमारती उभ्या राहून दोन हजारांवर मुलांची सोय झाली. १८९८ सालीं म्यूलर वारले तोंवर सुमारें दहा हजार मुलें त्या घरांतून वाढून गेलीं होतीं. शाळा, धर्मपुस्तकें, परदेशचे मिशनरी हे सर्व खर्च धरून सुमारें पंधरा लाख पौंड त्यांच्या हातून गेले. यासाठीं त्यांनीं वर्गणीची यादी फिरविली नाहीं आणि कोणा उमरावाला आश्रयदाता केलें नाहीं.

नियम मोजकेच होते. माणसाजवळ पैसा मागावयाचा नाहीं. आज अमुक रकमेची नड आहे हें बाहेर कळूं द्यावयाचें नाहीं. आणि कर्ज, मग तें एका आठवड्याच्या उधारीचें कां असेना, काढावयाचें नाहीं. लोकांची नजर पहिल्या दोन नियमांवर खिळते, कारण ते विलक्षण दिसतात. आमच्या मतें सगळी मेख तिसऱ्यांत आहे. पाव आणि दूध यांचें बिल आठवड्याला चुकतें करण्याची चाल त्या काळीं सर्वत्र होती. म्यूलर यांनीं ती मोडून रोजचे पैसे रोज द्यावयाचें ठरविलें. मग त्या रिकाम्या ताटांची गोष्ट पुनः एकदां मनांत आणा. ब्रिस्टलमधला कोणताहि पाववाला त्या घराला उधार पाव देता. मुलांना सकाळीं वाट पाहावी लागे, ती घरच्या कारभाऱ्यानें उधारीचें दार आपल्या हातानें लावून घेतलें होतें म्हणून.

आणि उधारी म्हणजे तरी काय? पुढच्या महिन्यांत कोणी तरी देणगीदार येईल, या भरंवशावर आज खाणें. विश्वास तोहि ठेवतो आणि प्रार्थना करणाराहि ठेवतो. पण कर्ज काढून संस्था चालविणारा आपल्या विश्वासाची जोखीम वाण्याच्या, सुताराच्या, शिक्षकांच्या थकलेल्या पगाराच्या डोक्यावर ठेवतो, आणि प्रार्थना करणारा ती स्वतःच्या ताटांत वाढून घेतो. शहाण्यानें पेला खालीं ठेवून एवढ्या एका फरकाचा विचार करावा.

आतां त्याचा मुख्य आक्षेप घेऊं, कारण तो खरोखर वजनदार आहे. तो म्हणतो, म्यूलर मागत नव्हते हें खोटें. दरसाल अहवाल छापून ते सगळ्या इंग्लंडापुढें हात पसरीत होते. 'आम्ही कोणाजवळ मागत नाहीं' असें छापून तें गांवोगांव वाटणें, याहून हुशार याचना कोणती? आक्षेपाचा अर्धा भाग आम्ही मुकाट्यानें मान्य करतों. १८३७ सालीं म्यूलर यांच्या आत्मकथनाचा पहिला भाग निघाला. पुढें अहवाल निघत गेले. तीं पुस्तकें वाचून पैसे पाठविणारे पुष्कळ निघाले. प्रार्थनेचें उत्तर टपालानें येई, आणि टपालाला पत्ता लागतो. हें नाकारण्यांत कोणत्याहि भाविकाचें हित नाहीं.

पण उरलेला अर्धा भाग असा. १८४१च्या डिसेंबरांत अहवालाची आणि वार्षिक सभांची वेळ आली तेव्हां तिजोरींत जवळजवळ कांहीं नव्हतें. याचनाच करावयाची असती, तर याहून सोयीचा मुहूर्त कोणता होता? सभेंत उभें राहून नुसतें मागील वर्षाचें वर्तमान सांगितलें असतें तरी श्रोत्यांनीं थैल्या मोकळ्या केल्या असत्या. म्यूलर यांनीं सभा आणि अहवाल दोन्ही पुढें ढकलले. आमची अडचण ऐकून लोक देतील, मग देवावर विसंबल्याची आमची भाषा पोकळ ठरेल, असें त्यांचें कारण. पुढचे कांहीं महिने अत्यंत ओढगस्तीचे गेले, आणि जगाला त्यांची हकीकत कळली ती मागाहून. स्वतःच्या हातांतलें सर्वांत धारदार हत्यार नेमक्या लढाईच्या दिवशीं म्यान करणाऱ्याला ढोंगी म्हणावयाचें असेल तर त्या शब्दाला दुसरा अर्थ शोधावा लागेल.

त्या अहवालांची रीतहि पाहण्यासारखी आहे. देणाऱ्याचें नांव छापीत नसत. प्रत्येकाला क्रमांक घातलेली पावती जाई, आणि अहवालांत त्या क्रमांकाशीं रक्कम दाखविलेली असे. ज्यानें दोन शिलिंग धाडले त्याला आपले दोन शिलिंग जमेस धरले कीं नाहींत हें घरबसल्या तपासतां येई. त्याच्या शेजाऱ्याला मात्र त्याचें औदार्य मोजतां येत नसे. आमच्याकडे कोणत्याहि वसतिगृहाच्या किंवा धर्मशाळेच्या जिन्यांत उभे राहा. देणगीदारांचीं नांवें रकमांसह संगमरवरावर कोरलेलीं दिसतील, पहिल्या पायरीवर मोठी रक्कम, वरच्या अंधारांत लहान. त्याच संस्थेचा गेल्या वर्षाचा जमाखर्च मागून पाहा. चिटणीस रजेवर असतात.

दुसरा आक्षेप यापेक्षां हलका, पण अधिक वेळां ऐकूं येणारा: देवानें दिलें म्हणतां, तें तर माणसांनींच दिलें. खरें आहे, आकाशांतून नाणीं पडलीं असें म्यूलर कोठेंहि म्हणत नाहींत. उलट १८३८ सालच्या टंचाईची त्यांनीं स्वतः लिहून ठेवलेली हकीकत वाचावी. पैसा संपत आला तेव्हां त्यांनीं आपल्या मदतनीस स्त्रीपुरुषांना प्रथमच खरी स्थिति सांगितली आणि ती बाहेर न बोलण्याची अट घातली. पुढें कित्येकदां मुलांच्या जेवणाला पडणारी तूट या मदतनिसांनींच आपल्या तुटपुंज्या शिलकींतून भरून काढली. भाविक हें पान पटकन उलटतो, कारण त्यांत चमत्कार नाहीं. शहाणा चोरी पकडल्यासारखा त्याच पानावर बोट ठेवतो. आम्हांला त्या पुस्तकांतलीं हींच पानें सर्वांत किंमतीचीं वाटतात. प्रार्थनेचा परिणाम प्रथम प्रार्थना करणाऱ्यांच्याच खिशावर होत होता. आमच्या किती संस्थांच्या कार्यकारी मंडळांविषयीं असें लिहितां येईल?

इतकें बोलल्यावर आमचें स्वतःचें गाऱ्हाणेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर आम्हीहि पहिल्या हसण्याचे धनी ठरूं. अनाथगृह काढण्यांतला आपला पहिला हेतु देव आजहि प्रार्थना ऐकतो हें जगाला दाखविणें हा आहे, आणि मुलांचें कल्याण त्याच्या मागून येतें, असें म्यूलर यांनीं उघड लिहिलें आहे. त्यांच्या प्रांजलपणाबद्दल आम्ही त्यांना मानतों. पण हा क्रम आम्हांला कधींच गिळतां आला नाहीं. मुलाची भूक हें कोणाच्या सिद्धांताचें प्रमाण म्हणून मांडावयाची वस्तु नव्हे. शिवाय त्या घरांत प्रवेश मिळे तो विधियुक्त विवाहांतून जन्मलेल्या आणि आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलांना. विवाहाबाहेर जन्मलेलें पोर, जें सर्वांहून निराधार, तें दाराबाहेरच. हा नियम प्रार्थनेंतून निघाला कीं त्या काळच्या प्रतिष्ठित इंग्रजी समाजाच्या भीतींतून, याचा उलगडा आम्हांला त्या अहवालांतून झालेला नाहीं.

म्यूलर यांच्याच पाठबळानें वाढलेलें दुसरें उदाहरण चीनमधलें आहे. हडसन टेलर हा तरुण १८५४ सालीं शांघायला उतरला तो एका मंडळीचा नोकर म्हणून. १८५७ सालीं त्यानें त्या मंडळीची नोकरी सोडली, कारण ती कर्ज काढून आपला खर्च भागवीत होती. देवाचें काम कर्जानें करावयाचें म्हणजे देव दिवाळखोर आहे असें जाहीर करणें, अशी त्याची समजूत. १८६५ सालीं त्यानें चायना इनलंड मिशन काढलें; पेढींत त्या नांवानें खातें उघडलें तें दहा पौंडांचें. या मिशनांत कोणाला ठरलेला पगार नव्हता. येईल तें वांटून घ्यावयाचें, कमी आल्यास सर्वांनींच कमी खावयाचें, वर्गणी गोळा करावयाची नाहीं. म्यूलर आपल्या निधींतून या लोकांना पैसे धाडीत असत. टेलर पैसा मागत नसले तरी माणसें उघडपणें मागत. १८८७ सालीं त्यांनीं एका वर्षांत शंभर माणसें हवीं अशी हांक दिली होती. म्हणजे येथेंहि व्रताच्या कडा अगदीं धारदार नव्हत्या.

पण १९०० साल आलें. बॉक्सरांच्या बंडांत या मिशनचीं ५८ प्रौढ माणसें आणि २१ मुलें मारलीं गेलीं. प्रॉटेस्टंट मिशनांत एवढी हानि दुसऱ्या कोणाची झाली नाहीं. पुढच्याच वर्षीं विजयी राष्ट्रांनीं चीनवर ४५ कोटि तैलांची खंडणी लादली, आणि नुकसानीचे दावे पुढें येऊं लागले. टेलर यांच्या मिशननें दावा केला नाहीं, आणि देऊं केलेली भरपाईहि घेतली नाहीं. शान्सी प्रांतांत, जेथें सर्वांत जास्त रक्त सांडलें होतें, तेथील चिनी राज्यपालानें याबद्दल जाहीरनामा काढून त्यांची वाखाणणी केली.

आमचा शहाणा येथें विचारील, आणि त्यानें विचारावेंच: त्या ७९ जणांनीं प्रार्थना केली नव्हती काय? केली असेल. तिचें उत्तर काय मिळालें? आमच्याजवळ याचें उत्तर नाहीं. आणि ज्यांच्याजवळ तें तयार असतें त्यांच्या संगतींत आम्हांला फार वेळ बसवत नाहीं. एवढें मात्र दिसतें, कीं या लोकांचा विश्वास विम्याच्या कराराच्या जातीचा असता तर १९०१ सालीं त्यांनीं बिल पाठविलें असतें. बिल पाठविण्याची पूर्ण सोय होती. बंदुका त्यांच्याच बाजूच्या होत्या.

या व्रताची खरी जखम दुसरीकडेच आहे. तें घेतो एक, आणि त्याचा भार पडतो त्याच्या घरच्यांवर. त्या २१ मुलांनीं कोणतीच प्रतिज्ञा केली नव्हती. आमच्या इकडचें उदाहरण पाहिजे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना तें सांगावयास नको. नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्याच्या कितीतरी आधींपासून घरांतला पैसा दारच्या गरजवंताच्या हातांत कसा जाई, आणि चुलीपुढें बसलेल्या बाईला त्याचा मेळ कसा घालावा लागे, हें त्या पुस्तकांत इतक्या हंसतमुखानें सांगितलें आहे कीं वाचतांना आपण तिच्या नवऱ्याचें कौतुक करूं कीं तिचें, हेंच कळेनासें होतें. आम्हांला विचाराल तर तिचें.

आतां 'अयाचित' हा शब्द. तो आम्हांला ब्रिस्टलहून आणावा लागत नाहीं. आमच्या शास्त्रीपंडितांच्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थीं हिंडत, देवळांत किंवा नदीकांठीं पुराण वाचीत. ऐकणारे धान्य, फळें, पैसे पुढें ठेवून जात, आणि त्यावर चरितार्थ चाले. मागणें नव्हतें. देव देईल हा भरंवसा होता. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला. कुटुंबानें उपास केले, अनुष्ठानें केलीं, जवळचें होतें नव्हतें तें दानधर्मांत घालविलें, आणि शेवटीं रानांतल्या पाल्यावर दिवस काढले. १८७४ सालीं शास्त्रीबोवा गेले, पाठोपाठ आई गेली, पुढें मोठी बहीणहि गेली. भीक मागण्याची लाज वाटत होती, अंगमेहनत करण्याचा अभिमान आड येत होता, आणि पोटापुरता कोणताहि धंदा ठाऊक नव्हता, असें रमाबाईंनीं पुढें स्वतःच लिहिलें आहे. आम्ही त्या कुटुंबाला हसत नाहीं. हसणाऱ्यानें आधीं ती हकीकत वाचावी.

याच रमाबाईंनीं १९०७ सालच्या आपल्या साक्षींत सांगितलें आहे, कीं म्यूलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन यांचीं चरित्रें वाचून, असें कांहीं हिंदुस्थानांत होईल काय, हा विचार त्यांच्या मनांत आला. शहाण्याला येथें सुंदर संधि सांपडते. तो म्हणतो, देव बदलला, भोळेपणा तोच राहिला. देवावर विसंबलेले आईबाप जिनें उपाशी मरतांना पाहिले तिनेंच पुनः तोच मार्ग धरला. हें वाक्य टाळ्यांचें आहे, आणि तें चुकीचें आहे. अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाचा विश्वास हातांना काम करूं देत नव्हता. मुलीनें तीच गांठ सोडली.

केडगांव येथें जाऊन पाहा, किंवा जाणें न झाल्यास नुसती यादी वाचा. सुमारें शंभर एकर जमीन बाईंनीं घेतली ती फळझाडें लावून शाळेचा खर्च निघावा म्हणून. १८९६-९७च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगचा कहर, शहरांत इतकीं माणसें ठेवण्यास मनाई. तेव्हां केडगांवच्या उघड्या रानांत झोंपड्या पडल्या. तेथें विहिरी खणल्या, माग चालले, तेलाचा घाणा फिरला, दुभतीं जनावरें आलीं, छापखाना आला. १९०० सालच्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. बाईंनीं स्वतः भाषांतरिलेलें मराठी बायबल छापावयाचें काम त्याच छापखान्यांत बायकांनीं केलें. आणि ब्रिस्टलच्या दाराबाहेर राहिलें असतें तशा पतित म्हणविलेल्या स्त्रियांसाठीं केडगांवांत निराळें 'कृपासदन' होतें. प्रार्थना पहांटे होत असे. विहीर मात्र पहारीनेंच खणावी लागे, आणि बाईंना दोन्ही ठाऊक होतें.

रमाबाई कधींच मागत नव्हत्या, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. १८८६ पासून दोन वर्षें त्यांनीं अमेरिकेंत व्याख्यानें देऊन मदत मिळविली. बोस्टन येथील मंडळीनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें, त्यावर १८८९ सालीं शारदासदन निघालें. केवळ देवावर विसंबण्याचा मार्ग त्यांनीं धरला तो मागाहून, आणि कां धरला याचें एक कारण आम्हांला १८९३ सालांत दिसतें. त्या वर्षीं पुण्यांतील सल्लागार मंडळानें, ज्यांत रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे होते, शारदासदनाशीं संबंध सोडला, आणि पालकांनीं मुली काढून नेल्या.

येथें आमचे वाचक अस्वस्थ होतील हें आम्ही जाणतों. शारदासदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थ राहूं असें आश्वासन होतें, आणि बाईंच्या प्रार्थनेला मुली बसत. पालकांचा राग आम्ही अनाठायीं मानीत नाहीं. वचन हाहि एक हिशेबच आहे, आणि तो चुकता झाला कीं नाहीं हें विचारण्याचा हक्क ज्याची मुलगी त्या घरांत आहे त्याला आहे. जमाखर्च स्वच्छ असल्यानें धर्मांतराचा प्रश्न सुटत नाहीं. तो स्वतंत्र वाद आहे, आणि तो स्वतंत्रपणें झाला पाहिजे. पण त्या वादाची ढाल पुढें करून, या लोकांनीं परक्याचा पैसा कसा हाताळला हें पाहण्याचें टाळणें, यांत आम्हांला धर्माभिमानापेक्षां सोयच अधिक दिसते.

याला जोडूनच आमच्याकडे एक तुलना फार आवडीनें केली जाते: रमाबाईंनीं प्रार्थना केली, कर्व्यांनीं काम केलें. १८९६ सालीं अनाथबालिकाश्रमाची मंडळी स्थापून, पुढें हिंगण्याच्या माळावर झोंपडी बांधून, पुण्याची पायपीट करीत कर्व्यांनीं संस्था वाढविली. त्यांनीं देवाजवळ मागितलें नाहीं; माणसांजवळ मागितलें, दारोदार मागितलें, चार आण्यांनाहि नाहीं म्हटलें नाहीं. म्यूलर यांच्या अगदीं उलट रीत. पण प्रथम स्वतःचें सर्वस्व घालणें आणि मिळालेल्या पैशाचा काटेकोर हिशेब लोकांपुढें ठेवणें, या दोन गोष्टींत हे दोघे एकमेकांचे भाऊ शोभतात. आणि ज्या आनंदीबाईंनीं कर्व्यांच्या बरोबरीनें हिंडून आश्रमासाठीं पैसा जमविला, त्या गोदूबाई असतांना शारदासदनांतच शिकल्या होत्या. ही तुलना करणाऱ्यांना हें ठाऊक नसतें असें नाहीं. सांगण्याच्या भरांत तें राहून जातें.

मागणाऱ्याला आम्ही दोष देत नाहीं. समाजाचें काम समाजाजवळ मागूनच करावें, असेंच आमचें मत आहे, आणि अयाचिताचें व्रत सर्वांना झेपावें अशी आमची अपेक्षाहि नाहीं. आमचा राग आहे तो मागण्याला जें रूप आज आलें आहे त्यावर. हातांतल्या दूरध्वनीच्या पडद्यावर रोज एखादें आजारी किंवा उपाशी मूल डोळ्यांपुढें आणून उभें करतात. त्याचें नांव, त्याची जखम, त्याच्या आईचे अश्रु, सगळें बाजारांत. पैसे पाठवावे तों दुसऱ्या दिवशीं दुसरें मूल. पहिल्याचें काय झालें हें कोणी कळवीत नाहीं. आज अमुक रकमेची नड आहे हें बाहेर बोलावयाचें नाहीं, हा ब्रिस्टलचा नियम आम्हांला पूर्वीं हट्टी आणि थोडा अहंकारी वाटे. आतां त्या पडद्याकडे पाहतांना वाटतें, त्या नियमामुळें निदान त्या मुलांचीं तोंडें तरी कोणाच्या दयेला विकलीं गेलीं नाहींत.

आणि तो जमाखर्च. म्यूलर यांच्या अहवालांत एका देणगीदाराची नोंद वर्षानुवर्षें पुनः पुनः येत असे. प्रभु येशूचा एक सेवक, अशा अर्थाचें कांहीं तरी नांवाच्या जागीं असे, बाकी कांहीं नाहीं. हा सेवक कोण हें वाचणाऱ्यांना ठाऊक नव्हतें. १८९८ सालीं म्यूलर वारल्यावर कळलें, कीं तो त्यांच्याच घरांत राहत होता. लोकांनीं त्यांच्या स्वतःच्या खर्चासाठीं म्हणून जें दिलें, त्यांतून त्यांनीं त्या नोंदीखालीं ८१,००० पौंडांहून अधिक रक्कम परत संस्थेच्या जमेस घातली होती. मागें राहिलेल्या त्यांच्या मालमत्तेची किंमत, घरांतलें सामान आणि पुस्तकें धरून, दोनशें पौंडांच्या आंत भरली.